टँजेलोतला ‘एलो’ कुणाचा?

अमेरिकेतल्या फळांच्या दुकानात ऐन थंडीत एक फळ येतं. रंगाने गडद नारिंगी, पण देठाकडे मान वर काढलेलं. संत्र्याला कुणी चिमटीत धरून जरा ओढलंय असं वाटावं. फोड तोडली की रस मनगटापर्यंत ओघळतो आणि गोडीच्या मागून आंबटपणा येतो. या वाणाचं नाव मिनिओला. फ्लोरिडात त्याच्या घंटेसारख्या आकारामुळे ‘हनीबेल’ म्हणूनही ते विकतात. मिनिओला ज्या गटात मोडतं, त्या गटाचं नाव टँजेलो.

हा जोडशब्द आहे: टँजरिनमधला ‘टँज’ आणि पोमेलोमधला ‘एलो’. टँजरिन हे संत्र्याच्या जातकुळीतलं सुट्या सालीचं फळ, नाव मोरोक्कोतल्या टँजिअर बंदरावरून पडलेलं. मोझांबिकवरून आपल्या मोसंबीचं नाव आलं, तसंच. आणि पोमेलो म्हणजे पपनस, गणपतीत मखरावर नाहीतर गोव्याच्या माटोळीत टांगतात ते. मग टँजेलो म्हणजे संत्रं आणि पपनसाचा संकर, असा सरळ अर्थ लावून पुष्कळ जण मोकळे होतात. इथेच गफलत होते.

ते नाव पडलं त्या काळात जायला हवं. १८९०च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याचे वॉल्टर स्विंगल आणि हर्बर्ट वेबर फ्लोरिडातल्या यूस्टिस गावी लिंबूवर्गीय झाडांवर काम करत होते. डिसेंबर १८९४ आणि फेब्रुवारी १८९५ अशा दोन कडाक्याच्या थंडीच्या लाटांत तिथल्या बागाच्या बागा बुंध्यापर्यंत मेल्या. त्यानंतर थंडी सोसणारी झाडं तयार करण्याच्या कामाला जोर आला, आणि त्याच ओघात खायला नवी फळंही हवी होती. सॅम्प्सन नावाचा जुना टँजेलो १८९७मधल्या संकरातून निघाला. अशा फळांना ‘टँजेलो’ म्हणावं, असं वेबर आणि स्विंगल यांनी १९०५मध्ये सुचवलं. पुढे लाइम आणि कुमक्वाट (एक छोटं लिंबूवर्गीय फळ) यांच्या संकराला ‘लाइमक्वाट’ म्हणणारेही स्विंगलच. दोन नावं कापून एक शिवायची त्यांना हौसच असावी.

पण ते ‘पोमेलो’ म्हणत होते ते ग्रेपफ्रूटला. द्राक्षांसारखी घोसाने लागतात म्हणून पडलेलं ‘ग्रेपफ्रूट’ हे नाव त्या काळच्या बऱ्याच बागायततज्ज्ञांना पसंत नव्हतं. द्राक्षाशी काडीचा संबंध नसलेल्या फळाला हे कसलं नाव? त्याऐवजी पोमेलो म्हणा, असा त्यांचा आग्रह. लोकांनी तो साफ धुडकावला. ग्रेपफ्रूट ग्रेपफ्रूटच राहिलं आणि पोमेलो हे नाव मोठ्या, जाड सालीच्या पपनसाकडे गेलं. तज्ज्ञांच्या हरलेल्या आग्रहाची खूण टँजेलोच्या शेपटात तेवढी उरली. १९३१मध्ये प्रसारित झालेल्या मिनिओलाचे पालक पाहा: डंकन नावाचं ग्रेपफ्रूट आणि डॅन्सी नावाचं टँजरिन. पपनस त्यात थेट नाहीच.

थेट नाही, पण आजोळ तेच. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि गोड संत्रं यांच्या आपसूक संकरातून वेस्ट इंडिजमध्ये निपजलं. १७५०मध्ये बार्बाडोसच्या निसर्गेतिहासात ग्रिफिथ ह्यूजने ज्या ‘निषिद्ध फळा’चं वर्णन केलं, ते बहुधा हेच किंवा याचं सख्खं भावंड. आणि ज्याला जगात गोड संत्रं म्हणतात, त्यातच आपली मोसंबी येते. तीही मुळात पपनस आणि सुट्या सालीचं संत्रं यांच्या जुन्या मिश्रणातून आलेली, हे जनुकीय अभ्यासातून दिसलं आहे. म्हणजे मोसंबी आणि टँजेलो यांचं मूळ रक्त एकच. फरक इतकाच की मोसंबी माणसाने ठरवून जुळवली नाही, आणि तिच्या नावात आईबापांऐवजी बंदर आलं.

ठरवून जुळवणं दिसतं तितकं सोपं नाही. संत्र्याची एक बी कुंडीत लावा. पुष्कळदा एकाच बीतून दोन-तीन कोंब वर येतात. त्यातले बरेचसे परागाशी संबंध नसलेले, हुबेहूब आईवर गेलेले असतात. त्यामुळे परागसिंचन करून, फुलाला पिशवी बांधून, बी रुजवूनही हाती आलेलं रोप संकरित आहे की आईचीच नक्कल, हे ओळखावं लागतं. तीन पानांच्या ट्रायफोलिएट झाडाचे पराग वापरले, तर रोपाच्या पानावरूनच बाप कळतो. टँजरिन आणि ग्रेपफ्रूटच्या संकरात ती सोय नाही.

‘एलो’ची वाट मात्र आपल्यापर्यंत येते. पोमेलो हा शब्द डच ‘पॉम्पेलमूस’वरून आला असावा, असं मानतात. तमिळमध्ये या फळाला ‘पंबळिमासु’ म्हणतात, आणि आपलं ‘पपनस’ही त्याच कुळीचं दिसतं. बंगालीत ते डचांच्या बटाव्हियावरून, म्हणजे आजच्या जकार्तावरून, ‘बाताबी लेबू’ झालं. जमैकातल्या एका सुरकुतलेल्या, बेढब टँजेलोला मात्र ना बंदर मिळालं ना आईबापांचं नाव. ते ‘अग्ली’ या नावाने विकलं जातं, म्हणजे चक्क ‘कुरूप’. खायला मात्र चांगलं गोड असतं.