केमालवाद

ऑटोमन साम्राज्य कोसळल्यावर मुस्तफा केमाल आतातुर्क (१८८१–१९३८) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुर्की प्रजासत्ताकाच्या उभारणीसाठी घडवलेली विचारसरणी. प्रजासत्ताकवाद, राष्ट्रवाद, लोकवाद, राज्यवाद (अर्थव्यवस्थेत राज्याचा पुढाकार), धर्मनिरपेक्षता आणि क्रांतिवाद ही तिची सहा तत्त्वे १९३७ मध्ये राज्यघटनेत समाविष्ट झाली. १९२४ मध्ये खिलाफत, म्हणजे मुस्लिम जगाच्या धार्मिक नेतृत्वाचे पद, रद्द झाली तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या खिलाफत समितीला मोठा धक्का बसला. त्यामुळे आपल्याकडे केमालवाद मुख्यतः धर्म आणि अरबीऐवजी स्वीकारलेली लॅटिन लिपी यांच्या संदर्भात वाचला जातो. त्याची आर्थिक बाजू मात्र तितकीच महत्त्वाची आहे.

ऑटोमन सरकार कर्जफेडीत अपयशी ठरल्यावर १८८१ मध्ये इस्तंबूलमध्ये परकीय सावकारांच्या प्रतिनिधींचे कर्ज प्रशासन स्थापन झाले. मीठ, मुद्रांक, मद्य, मासळी, रेशीम यांवरचे उत्पन्न ते थेट वसूल करी. परकीय व्यापाऱ्यांवर देशाचे कायदे चालत नसत आणि जकात वाढवायची तर युरोपीय सत्तांची संमती लागे. २४ जुलै १९२३ च्या लोझान तहाने या सवलती संपवल्या, पण जकातीचे दर १९२९ पर्यंत गोठवले आणि जुन्या कर्जाचा वाटाही नव्या राज्याच्या माथी आला. त्याचा शेवटचा हप्ता १९५४ मध्ये फिटला. कर्ज प्रशासनाच्या त्या भव्य इमारतीत आज शाळा भरते.

जकातीचे स्वातंत्र्य हाती आले त्याच वर्षी जागतिक मंदी सुरू झाली. खासगी भांडवल तोकडे होते, म्हणून राज्य स्वतःच कारखानदार बनले. १९३३ मध्ये उद्योग उभारणारी सरकारी सुमेरबँक स्थापन झाली व पुढच्या वर्षी पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. सोव्हिएत संघाच्या ८० लाख डॉलरांच्या बिनव्याजी कर्जातून कायसेरीची कापड गिरणी १९३५ मध्ये उभी राहिली. गिरणीसोबत कामगारांची घरे आणि क्रीडांगणही बांधले गेले. काराबुकच्या पोलाद कारखान्याला मात्र ब्रिटनने कर्ज दिले. दोन्ही बाजूंकडून मदत घ्यायची, कोणाच्याही गोटात जायचे नाही, हे धोरण परराष्ट्र व्यवहारातही दिसते. १९३६ च्या माँत्रो करारातून बॉस्फरस व डार्डानेल्स या सामुद्रधुन्यांवरचा लष्करी ताबा तुर्कस्तानने युद्धाविना परत मिळवला.

राष्ट्रीयत्वाच्या बाबतीत हाच विचार कठोर ठरला. १९२४ च्या राज्यघटनेने धर्म वा वंश न पाहता प्रत्येक नागरिकाला तुर्क म्हटले, पण आदल्याच वर्षी ग्रीसबरोबर ठरलेली लोकसंख्येची अदलाबदल केवळ धर्माच्या आधारे झाली. घरात तुर्की बोलणारे, तुर्की ग्रीक लिपीत लिहिणारे अनातोलियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती त्यात ग्रीसला पाठवले गेले. क्रेटमधील ग्रीकभाषक मुसलमान उलट दिशेने आले. कुर्दांची वेगळी ओळख तर राज्याने दीर्घकाळ मान्यच केली नाही. १९४२ च्या संपत्ती कराची आकारणी बिगरमुस्लिमांवर कितीतरी जड होती. कर न भरू शकलेल्यांना पूर्व तुर्कस्तानातील आश्काले येथील श्रमछावण्यांत धाडण्यात आले. प्रजासत्ताकाच्या इतिहासातील हा उघड अन्याय होता आणि तो व्यापार-उद्योग मुस्लिम तुर्कांच्या हाती असावा या ‘राष्ट्रीय अर्थव्यवस्थे’च्या कल्पनेपासून वेगळा काढता येत नाही.

महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने सामुद्रधुन्यांवर हक्क सांगताच तटस्थता मागे पडली. तुर्कस्तान १९५२ मध्ये नाटोत गेला. राज्यवादाला खरी कलाटणी २४ जानेवारी १९८० च्या निर्णयांनी मिळाली. तेव्हा वरिष्ठ सरकारी अधिकारी असलेले तुर्गुत ओझाल यांनी आखलेल्या या कार्यक्रमात लिरा या चलनाचे अवमूल्यन, अनुदानकपात आणि निर्यातीला प्रोत्साहन होते. सप्टेंबरमधील लष्करी उठावाने कामगार संघटना दडपल्या, त्यामुळे त्याची अंमलबजावणी विरोधाविना झाली. या धोरणातून कायसेरी, गाझिआंतेपसारख्या शहरांत धार्मिक वळणाचा नवा उद्योजक वर्ग पुढे आला. कुर्दी भाषेवरची १९८३ ची बंदीही ओझाल राष्ट्राध्यक्ष असतानाच, १९९१ मध्ये उठली.

१९९६ पासून तुर्कस्तान युरोपीय संघाच्या सीमाशुल्क संघात आहे. औद्योगिक मालावर तो युरोपने ठरवलेली बाह्य जकात लावतो, पण ती ठरवताना त्याला मत नसते. पूर्ण सदस्यत्वाच्या वाटाघाटी २००५ मध्ये सुरू झाल्या. २०१८ मध्ये त्या ठप्प झाल्याचे संघाने जाहीर केले.