भूमिकाधारित प्रवेश-नियंत्रण

संगणक-प्रणालीत कोणाला काय पाहता, बदलता किंवा खोडता येईल, हे माणसाच्या नावावर न ठरवता त्याला नेमून दिलेल्या भूमिकेवर ठरवण्याची पद्धत. ‘रोल-बेस्ड ॲक्सेस कंट्रोल’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘आरबॅक’ म्हणतात; नागपुरातल्या कार्यालयांत मात्र ‘राइट्स’ या एका शब्दावर सगळे भागते. याला राइट्स द्या, त्याचे काढा.

परवानगी म्हणजे एखाद्या वस्तूवर एखादी क्रिया करण्याची मुभा. परवानग्या भूमिकेला जोडतात आणि भूमिका माणसाला. माणूस आणि परवानगी यांच्यात थेट धागा ठेवत नाहीत. कळमना बाजारातल्या संत्र्याच्या अडतीवर बिलांचे सॉफ्टवेअर आहे असे धरा. लिलावातला भाव आणि वजन लेखनिक चढवतो, शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, दिवाणजी काढतो, पैसे रोखपाल चुकते करतो. आंबिया बहाराची आवक वाढली की दोन-चार पोरे हंगामापुरती कामाला येतात. प्रत्येकाच्या नावापुढे दहा-दहा खुणा करायच्या, तर हंगाम सरल्यावर त्या एकेक पुसाव्याही लागतात, आणि एखादी हमखास राहून जाते. ‘हंगामी लेखनिक’ अशी भूमिका केली की ती एकदाच लावायची, एकदाच काढायची. पुढे मालकाने ठरवले की चढवलेले वजन लेखनिकाला बदलता येऊ नये, तर तो बदलही एकाच जागी होतो.

गटांना परवानग्या देण्याची रीत याहून जुनी. तिला नेमके रूप १९९२ मध्ये अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेतील डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कून यांच्या निबंधाने दिले. माहिती संस्थेची असते, ती हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याची नव्हे, म्हणून आपल्या मर्जीने ती दुसऱ्याला खुली करण्याचा हक्क त्याला नसावा, हा त्यामागचा विचार. १९९६ मध्ये रवी संधू आणि सहकाऱ्यांनी चार प्रारूपांचा संच मांडला: मूळ रचना, तीत श्रेणींची (वरच्या-खालच्या भूमिकांची) भर, निर्बंधांची भर आणि दोन्ही एकत्र. २००४ मध्ये अमेरिकी राष्ट्रीय मानक आले.

यांतले निर्बंध सर्वांत मोलाचे, आणि सर्वांत दुर्लक्षितही. पट्टी काढणारा आणि पैसे चुकते करणारा एकच असेल, तर खोट्या नावाची पट्टी काढून पैसे उचलायला दुसऱ्या कोणाची गरजच उरत नाही. म्हणून या दोन भूमिका एका माणसाला कधीच द्यायच्या नाहीत; हे झाले स्थिर विभाजन. गतिक विभाजनात दोन्ही देता येतात, पण एकाच सत्रात दोन्ही वापरता येत नाहीत. (नागपुरात सत्र म्हटले की हिवाळी अधिवेशन आठवते, इथले सत्र लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचे.) दोन माणसांच्या दुकानात मात्र हे जमत नाही. तिथे मालकाची नजर हाच निर्बंध.

श्रेणीमुळे वरच्या भूमिकेला खालचीचे अधिकार आपोआप मिळतात. सोय खरी, पण मालकाला रोज पट्ट्या खोडण्याचा अधिकार कशाला हवा, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

अपवाद वाढले की भूमिकांचे पीक येते: दिवाणजी, सूट देऊ शकणारा दिवाणजी, फक्त शनिवारी सूट देऊ शकणारा दिवाणजी. वेळ, ठिकाण किंवा नोंद कोणाची आहे, हे नुसत्या भूमिकेला कळत नाही. त्यासाठी गुणधर्माधारित नियंत्रण वापरतात. त्याची मार्गदर्शिका ‘निस्ट’ने २०१४ मध्ये काढली. बहुतेक ठिकाणी दोन्हींची सांगड घालतात.

डेटाबेसमध्येही भूमिका आहेत. पोस्टग्रेस्क्यूएलने २००५ च्या ८.१ आवृत्तीत वापरकर्ते आणि गट मोडून दोहोंची एकच ‘भूमिका’ केली; मायएसक्यूएलमध्ये त्या २०१८ च्या ८.० आवृत्तीत आल्या.

पडद्यावरचे बटण लपवले म्हणजे नियंत्रण झाले, असा समज आढळतो. परवानगी प्रत्येक विनंतीला सर्व्हरवर तपासावी लागते, नाहीतर त्या पानाचा पत्ता माहीत असलेला माणूस बटणाशिवायही आत शिरतो. आणि ‘ॲडमिन’चा पासवर्ड गल्ल्याशेजारी चिठ्ठीवर चिकटवलेला असेल, तर भूमिका कितीही नेटक्या आखल्या तरी नोंदवहीत प्रत्येक बदलापुढे एकच नाव उमटते.