नववीचं राज्यशास्त्र आणि महाडचा ठराव

नववीच्या 'इतिहास व राज्यशास्त्र' या पुस्तकातल्या राज्यशास्त्राच्या भागात ग्रामपंचायत नाही, निवडणूक नाही, न्यायालयही नाही. २०१७ साली आलेल्या या पुस्तकात महायुद्धानंतरचं जग, भारताचं परराष्ट्र धोरण, सुरक्षा व्यवस्था, संयुक्त राष्ट्रे आणि आंतरराष्ट्रीय समस्या असे धडे आहेत. पंचायत आणि जिल्हा परिषद सहावीत होऊन जातात, संविधान सातवीत, संसद आठवीत. निवडणूक आणि राजकीय पक्ष दहावीसाठी राखून ठेवलेत. सहावीतल्या मुलाला सरपंच म्हणजे झेंडावंदनाला येणारी व्यक्ती, एवढंच ठाऊक असतं. पाखाडीचं, म्हणजे गावातल्या दगडी पायवाटेचं, काम अडलं कुणामुळे, नळपाणी योजनेच्या बैठकीत आवाज चढले कशावरून, हे उमगायला लागतं ते चौदाव्या-पंधराव्या वर्षी. नेमकं त्याच वर्षी पुस्तक मुलाला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेऊन बसवतं. केंद्रीय बोर्डाच्या नववीत मात्र संविधानाची घडण, निवडणुका, शासनसंस्थांचं कामकाज आणि हक्क आहेत. रत्नागिरीसारख्या एकाच शहरातल्या दोन शाळांत एकाच वयाची मुलं या बाबतीत अगदी वेगळं काही शिकत असतात.

हा विषय आपल्याकडे नागरिकशास्त्र म्हणून आला इंग्रजी अमदानीत, आणि काही फार उदात्त हेतूने नव्हे. जनतेत सरकारविषयी नाराजी वाढत होती, त्या काळात आज्ञाधारक, सुधारलेला प्रजाजन घडवायचा, ही त्यामागची धारणा. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी ही गोष्ट स्पष्टपणे मांडली गेली आणि एनसीईआरटीने पुस्तकं नव्याने लिहिली. जुन्या साच्याची खूण आजही प्रश्नपत्रिकेत दिसते. अमुक पदाची पात्रता सांगा, तमुक मंडळाची कार्ये लिहा. पदं आणि कार्ये पाठ असलेल्या मुलाला अर्ज कुठे द्यायचा, हे माहीत असेलच असं नाही.

त्याच इंग्रजी राजवटीत एक उलटा विचारही झाला होता. १८ मे १८८२ चा व्हाइसरॉय लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव म्हणतो, की या संस्था मुख्यतः कारभार सुधारावा म्हणून नकोत, तर लोकांच्या राजकीय शिक्षणाचं साधन म्हणून हव्यात. मुंबई इलाख्यात १८८४ मध्ये त्यानुसार कायदे झाले. मतदार होते मूठभर आणि अधिकार तुटपुंजे, पण नगरपालिकेच्या सभागृहात ठराव मांडायचा, त्यावर मतं घ्यायची, तो इतिवृत्तात लिहायचा, ही सवय कोकणातल्या गावांना लागली. ती पुढे कुठवर जाऊ शकते, ते महाडला दिसलं.

चवदार तळ्याचा सत्याग्रह मुलांना ठाऊक असतो. तारीखही पाठ असते, २० मार्च १९२७. पण तो इतिहासाच्या धड्यात येतो, आणि तिथे त्याच्या आधीची चार वर्षं नि नंतरची दहा वर्षं गळून पडतात. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा राखलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. सरकारने त्याप्रमाणे आदेश काढले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं. प्रत्यक्षात एकाही दलिताने त्या तळ्याचं पाणी भरलं नाही, कारण भरू दिलं जात नव्हतं. मग १९२६ मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला, की असे आदेश न पाळणाऱ्या नगरपालिका आणि लोकल बोर्डांचं अनुदान रोखावं. पहिल्या ठरावाला दात नव्हते, दुसऱ्याने ते बसवायचा प्रयत्न केला. 'शिफारस' आणि 'सक्ती' यांतला फरक शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

त्यानंतर महाडला अस्पृश्यांची परिषद झाली, डॉ. आंबेडकर तळ्यावर गेले, पाणी प्यायले. परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले आणि तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. ४ ऑगस्ट १९२७ ला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षं होत असताना, नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाची तयारी चालू असताना काही सवर्ण मंडळी दिवाणी न्यायालयात गेली. तळं खाजगी आहे, असा त्यांचा दावा होता. तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. डॉ. आंबेडकरांनी तळ्यावर जाणं पुढे ढकललं आणि खटला लढवला. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर या नावाने तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ ला दावा फेटाळला गेला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट आहे म्हणता, तर ती अनादी काळापासूनची असल्याचं सिद्ध करा, ही कायद्याची अट सवर्णांना पुरी करता आली नाही.

विधिमंडळ, नगरपालिका, प्रशासन, लोकांचं आंदोलन, न्यायालय, सगळं या एका तळ्याभोवती आहे. आणि पुढे संविधानही. कलम १५ च्या दुसऱ्या उपकलमात विहिरी, तलाव, घाट, रस्ते आले आहेत, राज्याच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः राखलेले किंवा जनतेच्या वापरासाठी दिलेले. बोल्यांच्या ठरावातली 'सार्वजनिक पैसा' ही कसोटी इथे मूलभूत हक्काच्या भाषेत आलेली दिसते. संविधान सातवीत शिकवतात, सत्याग्रह इतिहासात, न्यायालय आणखी कुठे. धागा जोडायचं काम शिक्षकावर पडतं, आणि त्याच्या हातात आठवड्याच्या मोजक्या तासिका.

खोतीचंही, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोताच्या वतनाचंही, असंच आहे. अलिबागजवळच्या चरीतल्या कुळांनी १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनी कसायचंच बंद केलं, आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक विधानसभेत मांडलं. खोती निर्मूलनाचा कायदा प्रत्यक्षात झाला १९४९ मध्ये. विधेयकाचा कायदा कसा होतो, याच्या पायऱ्या पुस्तकात असतात; मधल्या बारा वर्षांना मात्र तिथे जागा नाही. ज्या घरांत आजोबांच्या तोंडी अजून 'खोताची जमीन' हा शब्द आहे, त्या घरांतली मुलं समोर बसलेली असताना हे सोडून देणं मला परवडणारं वाटत नाही.

संसदेपर्यंत जायचं तर बॅरिस्टर नाथ पै आहेत. वेंगुर्ल्याचे, आणि राजापूर मतदारसंघातून १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा लोकसभेवर गेलेले. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्यावर नाथ पैंनी खाजगी विधेयक आणलं: घटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करण्याचा अधिकार लोकांच्या प्रतिनिधींना हवा. विधेयक मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये ते वारले. त्याच वर्षी २४ व्या घटनादुरुस्तीने संसदेला तो अधिकार दिला आणि १९७३ मध्ये केशवानंद भारती निकालाने त्याला मर्यादा घातली, की संविधानाची मूलभूत चौकट बदलता येणार नाही. नाथ पैंचं म्हणणं बरोबर होतं का, यावर नववीच्या वर्गात दोन गट पाडून वाद घालता येतो. आणीबाणी इतिहासाच्या भागात याच वर्षी येत असल्याने वादाला धारही येते.

पंचायत राज्याचा इतिहास त्या मानाने सरळ आहे. १९६१ चा जिल्हा परिषदांचा कायदा, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा, १९९३ मध्ये पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती अमलात, २०११ पासून स्थानिक संस्थांत महिलांना निम्म्या जागा. या शेवटच्या तरतुदीला कोकणात जास्त अर्थ आहे. पुरुष मुंबईला, घर आणि शेती बाईच्या अंगावर, ही इथली जुनी रीत. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. गाव बाया चालवत होत्याच, सही करायचा अधिकार उशिरा आला.

गुणांचं गणित अर्थातच आडवं येतं. दहावीच्या ४० गुणांच्या पेपरात इतिहासाचा वाटा मोठा, राज्यशास्त्राचा छोटा, आणि नववीचा सरावही त्याच प्रमाणात होतो. दहावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येणाऱ्या कोकण विभागात तर छोट्या वाट्याचे धडे उरकण्याकडेच कल असणार.

पण नववीचे धडे कोकणाला अगदीच परके आहेत, असंही नाही. सुरक्षा व्यवस्थेच्या धड्यात तटरक्षक दल आहे. १९७८ च्या कायद्याने झालेलं हे दल केंद्राचं; बंदरालगतचं सागरी पोलीस ठाणं राज्याचं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर राज्याचा कायदा चालतो, १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम. त्यापुढचा विषय केंद्राच्या सूचीत. १९९३ च्या मुंबई स्फोटांसाठीचं आरडीएक्स श्रीवर्धनच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरलं, आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनारी पहारा वाढला, तेव्हा ओळखपत्रं आणि नौकांच्या नोंदी थेट दालदी (मुस्लिम मच्छीमार) नि कोळ्यांच्या घरापर्यंत आल्या. परराज्यातला ट्रॉलर बारा मैलांच्या आत शिरला तर तक्रार मत्स्यव्यवसाय खात्याकडे करायची, पोलिसांकडे की तटरक्षक दलाकडे, हे हर्णैच्या किंवा मालवणच्या वर्गात विचारून पाहावं. उत्तर देणारं एखादं पोर बहुधा मागच्या बाकावरचं असेल, आणि त्याने ते पुस्तकात वाचलेलं नसेल.