प्रोशुट्टो की सलामी? मॅचच्या पार्टीचा बोर्ड लावण्याआधी हा फरक बघून घ्या

सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम मॅचच्या, पार्टीला शार्कुटरी बोर्ड (मुरवलेलं मांस, चीज, फळं असं मांडलेलं ताट) लावायचा म्हटलं की बहुतेक जण दोन पाकिटं आणतात, एक प्रोशुट्टोचं आणि एक सलामीचं, दोन्ही लाल, दोन्हीत पांढरी चरबी, दोन्ही डुकराच्या मांसाचे, मग काय एकत्र उघडायचे आणि किकऑफच्या अर्धा तास आधी सगळं मांडून मोकळं व्हायचं. मीही आधी असंच करायचे. आणि दर वेळी हाफटाइमपर्यंत सलामी छान दिसायची पण प्रोशुट्टोच्या कडा सुकून कागदासारख्या व्हायच्या, मधे चरबी वितळून तेलकट चकाकी यायची आणि मग त्याला कोणी हातच लावायचं नाही. तेव्हा कळलं की दिसायला सारख्या असल्या तरी या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत, आणि तीन-साडेतीन तासांच्या मॅचमध्ये त्यांना एकच वागणूक देऊन चालत नाही.

गंमत म्हणजे शार्कुटरी हा फ्रेंच शब्द 'मांस' आणि 'शिजवलेलं' या दोन शब्दांवरून आलाय, पण ज्या दोघांबद्दल आपण बोलतोय ते शिजवलेले नसतातच. मुख्यतः मीठ आणि वेळ यावर तयार होतात. फक्त ते मीठ दोघांमध्ये पूर्ण वेगळ्या वाटेने काम करतं.

प्रोशुट्टो म्हणजे डुकराची मागची आख्खी तंगडी. खिमा नाही, मसाला नाही, काही भरलेलं नाही. त्या तंगडीला मीठ चोळतात, थंडीत ठेवतात, मग धुऊन महिनोन् महिने हवेवर टांगून सुकवतात, आणि जिथे कातडी नसते तो उघडा भाग फार लवकर कडक होऊ नये म्हणून त्यावर चरबीचा लेप लावतात. इटलीतल्या पार्माच्या प्रोशुट्टोत तर मांस आणि मीठ याशिवाय काहीही घालायला परवानगी नाही, नायट्राइटसारखा मांस टिकवणारा क्षारसुद्धा नाही, आणि तो वर्षभराहून जास्त मुरवतात. तयार झाला का हे बघायला घोड्याच्या हाडाची बारीक सुई तंगडीत पाच ठिकाणी खुपसतात आणि लगेच तिचा वास घेतात. मला ही गोष्ट फार आवडते, एवढं मोठं काम आणि शेवटचा निकाल एका माणसाच्या नाकावर.

आता हे नुसत्या मिठावर कसं जमतं? कारण धडधाकट जनावराच्या आख्ख्या स्नायूत आत जंतू जवळपास नसतातच, जे काही असतं ते वरच्या बाजूला. मीठ बाहेरून हळूहळू आत शिरतं, पाणी बाहेर पडतं, बस.

सलामीत हे चालणार नाही, कारण सलामी म्हणजे खिमा. मांस दळलं की वरचे जंतू आतपर्यंत मिसळले जातात, म्हणून तिथे मिठासोबत बहुतेक वेळा नायट्राइट किंवा नायट्रेट घालतात आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मिश्रण आंबवतात. दह्याला विरजण लावतो ना तसंच, लॅक्टिक अ‍ॅसिड बनवणारे जंतू आणि त्यांच्यासाठी थोडी साखर, मग ते मिश्रण आतड्यात किंवा कृत्रिम वेष्टनात भरून टांगायचं. आंबटपणा वाढला की वाईट जंतूंना जगणं अवघड होतं, पाणी कमी झालं की आणखी अवघड. काही सलामीवर जो पांढरा पावडरीसारखा थर दिसतो तो चांगल्या बुरशीचा असतो, सलामी खराब झालेली नसते.

एवढं लक्षात आलं की चवही आपोआप समजते. सलामी किंचित आंबट, मिरी-लसणाची, प्रकाराप्रमाणे बडीशेपेची (फिनोकिओना) नाहीतर तिखट. प्रोशुट्टो गोडसर, खारट, तोंडात विरघळणारा.

मग बोर्डवर काय करायचं.

प्रोशुट्टो पारदर्शक दिसेल इतका पातळ हवा, जाड कापला तर तो चिवट लागतो. पण तोच पातळपणा त्याचा शत्रू आहे, हवा लागली की सुकतो आणि खोली गरम असली की चरबी सुटते. म्हणून तो मी आता आधी लावतच नाही. किकऑफच्या पाच-दहा मिनिटं आधी फ्रिजमधून काढायचा, एकेक पातळ काप अलगद सोडवून सैलसर चुरगळून ठेवायचा, एकावर एक चपटे थर लावले तर चिकटतात आणि मग लोक अर्धं पाकीट एकदम उचलतात. आणि निम्माच ठेवायचा, उरलेला हाफटाइमला. सुपर बोलचा हाफटाइम तसाही नेहमीच्या मॅचपेक्षा बराच मोठा असतो, तेवढ्यात बोर्ड आरामात नव्याने भरता येतो.

सलामी मात्र खरोखर सलामीला येऊन शेवटपर्यंत टिकणारी. थोडी जाडसर, दोन-तीन मिलिमीटरची चकती असली तरी छान लागते, दुमडून पंखा करा नाहीतर ग्लासच्या काठावर एकावर एक चकत्या लावून ग्लास उलटा केला की फूल तयार. सुकी, कडक सलामी मिळाली तर माझा आग्रह आहे की ती आख्खीच सुरीसोबत ठेवा, आधी थोड्याच चकत्या कापा आणि लागेल तशा कापत जा.

पण टिकते म्हणजे दिसायला आणि चवीला टिकते हां. कापलेलं मांस आणि चीज बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये हा अमेरिकेतल्या अन्नसुरक्षेचा साधा नियम आहे, आणि बाहेर पार्किंगमध्ये पार्टी असेल व तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एकच तास. खेळाची वेळ ६० मिनिटांची असली तरी प्रत्यक्षात मॅच तीन तासांच्या वर जाते, त्यामुळे बोर्ड दोन फेऱ्यांत लावणं हा काही नखरा नाही, गरजच आहे.

जोडीला काय ठेवायचं यावर लोक फार वेळ घालवतात, खरं तर सोपं आहे. प्रोशुट्टोला गोड आणि रसाळ काहीतरी, खरबूज, अंजीर, पेअर, आणि पार्मेजान चीजचे ओबडधोबड तुकडे. ही जोडी जुळते यात आश्चर्य नाही, पार्माच्या प्रोशुट्टोची डुकरं ज्या खाद्यावर वाढतात त्यात पार्मेजान बनवताना उरलेलं चीजचं पाणीही असतं. सलामीला उलट आंबट-झणझणीत चालतं, छोट्या काकड्यांचं लोणचं, मोहरीची पेस्ट, ऑलिव्ह, जुनं चेडार. फक्त लोणचं प्रोशुट्टोला चिकटून ठेवू नका, त्याचं पाणी लागलं की तो लिबलिबीत होतो. वाटीत ठेवा.

प्रमाण म्हणाल तर नुसतं चघळायला असेल तर माणशी साधारण ५० ते ६० ग्रॅम मांस आणि तेवढंच चीज पुरतं. त्यात मी सलामी जास्त आणि प्रोशुट्टो कमी धरते, कारण मॅच बघताना हात सारखा सलामीकडेच जातो.

पाकीट घेताना नाव नीट वाचा. प्रोशुट्टो क्रूदो म्हणजे कच्चा मुरवलेला, आणि प्रोशुट्टो कॉत्तो म्हणजे शिजवलेला, तो गुलाबी, ओलसर, साध्या हॅमसारखा. दोघांत गल्लत झाली तर वरचं सगळं फसतं. पाहुण्यांत कोणी गरोदर असेल तर क्रूदो आणि सुकी सलामी दोन्ही कच्च्याच आहेत हे तिला आधीच सांगा. कोणी डुक्कर खात नसेल तर गाईच्या मांसाचा ब्रेझाओला हा आख्ख्या स्नायूचाच प्रकार आहे, बीफ किंवा टर्कीची सलामीही मिळते, पण ते वेगळ्या ताटात, वेगळ्या चिमट्यासोबत ठेवा.

आणि हाफटाइमसाठी राखलेला प्रोशुट्टो उरलाच तर दुसऱ्या दिवशी कोरड्या पॅनवर मंद आचेवर टाका, दोन-तीन मिनिटांत कुरकुरीत होतो, अंड्यावर चुरून खा.