ग्लिया म्हणजे नुसता डिंक नव्हे

मंडईत पिकल्या केळ्यांवरची चिलटं आपण हाकलतो. पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत तीच जपून वाढवतात. याच चिलटांच्या डोळ्यांनी एक जुना समज खोडून काढला आहे. तो असा की मेंदूत खरं काम चेतापेशींचं, ग्लिया पेशी फक्त त्यांना चिकटवून ठेवतात. दोष थोडा नावाचा: १८५०च्या दशकात जर्मन वैद्यक शास्त्रज्ञ रुडॉल्फ विरशो यांनी ते ठेवलं, आणि ग्रीकमध्ये ग्लिया म्हणजे डिंक!

प्रत्यक्षात अळीच्या शरीरात चिलटाचा डोळा घडताना ग्लिया मेंदूला जोडणाऱ्या देठातून सरकत, ज्या चकतीतून डोळा घडतो तिच्यात येतात. त्या नसल्या तर प्रकाशपेशींच्या (प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या) तंतूंना मेंदूकडची वाट नीट सापडत नाही. डोळ्याच्या प्रत्येक घटकात ८ प्रकाशपेशी. त्यांतल्या ६ जणींचे तंतू मेंदूतल्या लॅमिना या पहिल्या थरात थांबतात, कारण तिथे ग्लिया असतात. नॉनस्टॉप नावाच्या जनुकात बिघाड झाला की तिथल्या ग्लिया कमी पडतात आणि तंतू थांबा चुकवून पुढच्या, मेड्युला नावाच्या थरात घुसतात. (नाव कसं चपखल!)

त्याहून गंमत २०१७ साली कळली. तंतूंना वेढणाऱ्या ग्लिया प्रकाशपेशींकडून आलेला निरोप टिपतात, इन्सुलिनसारखी प्रथिनं सोडतात, आणि मगच लॅमिनातल्या बहुतेक चेतापेशी घडतात. डिंक असं काही करत नाही.