मुंबईत हॉस्पिस शोधताना : पार्श्वभूमी

मुंबईतील मोठ्या रुग्णालयांत आजार आटोक्याबाहेर गेल्यावर नातेवाइकांना बहुतेकदा एकच वाक्य ऐकायला मिळते : ‘आता घरी न्या, सेवा करा.’ सेवा म्हणजे नेमके काय करायचे, रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर कोणाला फोन करायचा आणि घर दहा बाय बाराचे असेल तर खाट कुठे टाकायची, हे त्या वाक्यात नसते. हॉस्पिसचा, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचा, शोध बहुधा येथून, म्हणजे फार उशिरा सुरू होतो. हा उशीर केवळ कुटुंबांच्या गाफीलपणामुळे होतो असे मानणे अन्यायाचे आहे, कारण गेल्या चाळीस वर्षांत कायद्याने, भाषेने आणि विम्याने तो घडवला आहे.

आधुनिक अर्थाचे पहिले हॉस्पिस लंडनमध्ये १९६७ साली उघडले आणि भारतातील पहिले १९८६ साली मुंबईतच, वांद्र्याला माउंट मेरीच्या परिसरात सुरू झाले. तोवर माणसे शेवटचा श्वास घरी घेत किंवा जनरल वॉर्डच्या कोपऱ्यातील खाटेवर. वांद्र्याचे केंद्र कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांसाठी होते आणि तेथील सेवा विनामूल्य होती. त्या कामाचे मोल मोठे आहेच. मात्र शहराच्या मनात हॉस्पिसची जी व्याख्या रुजली, तीही याच पहिल्या चित्रावरून : एक शांत वास्तू, कर्करोग आणि अखेरचे काही दिवस. मूत्रपिंड निकामी झालेले आजोबा, हृदय थकलेली आई किंवा स्मृतिभ्रंशाने अंथरुणाला खिळलेली मावशी या चित्रात बसत नाहीत. त्यामुळे अशा घरांतून चौकशीचा पहिला फोनच होत नाही.

याच सुमारास दिल्लीत दुसरी गोष्ट घडत होती. १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा आला. गुन्ह्याला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी असल्याने अफूपासून बनणाऱ्या मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाचा साठा ठेवणे म्हणजे विस्तवाशी खेळ, असे औषध दुकानदारांना आणि रुग्णालयांना वाटू लागले. कर्करोगाच्या वेदनेसाठी पायरीपायरीने औषध वाढवत मॉर्फिनपर्यंत जाण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली मांडली, म्हणजे वांद्र्याचे केंद्र उघडले त्याच वर्षी. ज्या देशात नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत अफू प्रक्रियेसाठी येते, त्याच देशात मॉर्फिनच्या एका गोळीसाठी एकाहून अधिक खात्यांचे परवाने लागत आणि एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे. यात सुधारणा व्हायला २०१४ साल उजाडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ हा वेगळा वर्ग निर्माण केला, पुढच्या वर्षी मॉर्फिनसह सहा औषधे त्यात आली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच खिडकीतून परवानगी मिळण्याची तरतूद झाली. मध्ये गेलेली सुमारे तीस वर्षे ही मुंबईतील डॉक्टरांची एक अख्खी पिढी आहे. या पिढीतील अनेकांनी मॉर्फिन कधी लिहूनच दिले नाही आणि ‘सवय लागेल’ ही भीती ते आजही रुग्णाच्या घरी पोहोचवतात. म्हणून एखाद्या केंद्राची किंवा घरी येणाऱ्या पथकाची चौकशी करताना ‘तोंडाने घ्यायचे मॉर्फिन तुमच्याकडे आहे का’ हा प्रश्न खोलीच्या दर्जापेक्षा आधी विचारणे योग्य ठरते.

सर्वांत मोठा गुंता मात्र शब्दांचा आहे. परळच्या एका महापालिका रुग्णालयातील परिचारिकेवर १९७३ साली हल्ला झाला आणि त्यानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ त्या तेथेच अंथरुणावर होत्या. सहकारी परिचारिकांनी पिढ्यान् पिढ्या त्यांना भरवले, पुसले आणि कुशीवर वळवले. त्यांना मरू द्यावे अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये फेटाळली. मात्र इतर प्रकरणांत कठोर अटींवर आणि उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवता येतील, असेही त्याच निकालात म्हटले. इंग्रजीत याला ‘पॅसिव्ह युथनेशिया’ म्हटले गेले. मराठी वृत्तपत्रांनी कधी ‘दयामरण’ लिहिले, कधी ‘इच्छामरण’. इच्छामरण म्हटले की मराठी माणसाला शरपंजरी पडलेले भीष्म आठवतात, म्हणजे मरणाची वेळ स्वतः निवडण्याचा वर आठवतो. कृत्रिम श्वासाचे यंत्र न लावण्याचा निर्णय आणि भीष्मांचा वर यांत काहीही साम्य नाही. तरीही एकाच शब्दाखाली दोन्ही गेले आणि पाठोपाठ हॉस्पिसही त्याच सावलीत ओढले गेले. ‘आम्हाला त्यांना मारायचे नाही, फक्त त्रास कमी करायचा आहे’ हे वाक्य मुले आजही चौकशीच्या वेळी अपराध्यासारखे उच्चारतात, तेव्हा या भाषांतराची किंमत कळते.

मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे पुढे निर्णय सांगता येईनासा झाल्यास कोणते जीवरक्षक उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या कागदाला, मान्यता दिली. याच वर्षी वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय संस्थेने आयुष्याच्या अखेरच्या उपचारांविषयीच्या संज्ञांचा दस्तऐवज काढून ‘पॅसिव्ह युथनेशिया’ हा शब्दप्रयोग टाळावा, असे स्पष्ट सांगितले. तो सल्ला बातम्यांच्या मथळ्यांपर्यंत पोहोचलाच नाही. उलट एक नवा गोंधळ झाला. लिव्हिंग विलला ‘इच्छापत्र’ म्हटले जाऊ लागले, आणि मराठी घरात इच्छापत्र म्हणजे खोली कोणाच्या नावावर जाणार याचा कागद. आजारी वडिलांपुढे तो शब्द काढला की भावाभावांत संशय उभा राहतो. ‘वैद्यकीय’ हे विशेषण जोडल्याने काम पुष्कळ सोपे होते, म्हणून ते प्रत्येक वेळी जोडावे.

२०१८ ची प्रक्रिया न्यायदंडाधिकाऱ्यापर्यंत जाणारी आणि जवळपास अशक्य होती. जानेवारी २०२३ मध्ये ती सुलभ झाली : नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढील साक्षांकन पुरेसे ठरले आणि रुग्णालयातील डॉक्टरांच्या मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे असे ठरले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयातील एका जनहित याचिकेमुळे ही कागदपत्रे जपून ठेवणारे अधिकारीही नेमले गेले. येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे लिहिणे आवश्यक आहे. ही सारी यंत्रणा जीवरक्षक उपचार न देण्याच्या किंवा काढून घेण्याच्या निर्णयासाठी आहे. घरी किंवा हॉस्पिसमध्ये राहून वेदना, धाप आणि उलट्यांवर उपचार घेण्यासाठी कोणत्याही मंडळाची परवानगी लागत नाही.

तरी रुग्णालयातून निघताना कुटुंबाच्या हाती ‘डामा’चा कागद येतो, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याची सही. काही वेळा हा निर्णय डॉक्टरांनीच सुचवलेला असतो, तरीही कागद तोच असतो. त्यावर सही केलेल्या रुग्णाबरोबर अनेकदा वेदनेच्या औषधांचा आराखडा येत नाही आणि सही करणाऱ्या मुलाच्या मनात ती ओळ वर्षानुवर्षे राहते.

परळच्या कर्करोग रुग्णालयात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांचा विभाग १९९६ पासून आहे आणि देशातील या विषयाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रमही तेथेच २०१२ मध्ये सुरू झाला. पुण्यात वारजे येथे १९९७ साली निवासी केंद्र झाले, तेव्हा मुंबईची काही कुटुंबे तिकडे जाऊ लागली. गेल्या दशकात मात्र या शहरातील खरा बदल घरपोच सेवेचा आहे. डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक यांची पथके लोकलने, रिक्षाने घरी येतात आणि घरच्यांना शिकवतात. लालबागच्या एका खोलीत सुनेने भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या प्रत्येक चौकोनात ६, १०, २, ६, १० असे आकडे लिहिले होते. मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो आणि रात्रीची झोप मोडू नये म्हणून शेवटचा डोस दुप्पट दिला जातो, हे तिला एका भेटीत समजले होते. शेजारी बद्धकोष्ठतेचे औषध ठेवलेले होते, कारण मॉर्फिनबरोबर ते लागतेच. पथक निवडताना आठवड्याला किती भेटी, रात्री फोन कोण उचलतो आणि तुमचा उपनगरी पिनकोड त्यांच्या हद्दीत येतो का, एवढे तरी आधीच ठरवून घ्यावे.

पैशाचा प्रश्न विम्याने सुटत नाही. विमा नियामकाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या अपवर्जनांत, म्हणजे विम्यातून वगळायच्या बाबींच्या यादीत, विश्रांती आणि शुश्रूषेचे एक कलम आहे. त्यात मरणासन्न व्यक्तीच्या शारीरिक, सामाजिक, भावनिक आणि आध्यात्मिक गरजांसाठीच्या सेवा शब्दशः वगळण्याची मुभा आहे. म्हणजे आयसीयूचे लाखोंचे बिल पॉलिसीत बसते आणि घरी येणाऱ्या परिचारिकेची फी बसत नाही. शेवटच्या आठवड्यात अनेक कुटुंबे पुन्हा रुग्णालयाकडे का वळतात, याचे एक कारण या कलमात आहे.

दुसरे कारण स्मशानात लागणाऱ्या कागदाचे आहे. घरी मृत्यू झाल्यास मृत्यूचे कारण नमूद करणारा ‘४-अ’ नमुन्यातील दाखला डॉक्टरांना द्यावा लागतो. गल्लीतील डॉक्टर रुग्णाला पाहिलेले नसल्याने सहीला कचरतात आणि पहाटेच्या वेळी मुलगा एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरतो. नियमित भेट देणाऱ्या पथकातील डॉक्टर हा दाखला देऊ शकतात. तो कोण देणार आणि किती वेळात, हे पहिल्याच भेटीत विचारून त्या डॉक्टरांचा मोबाइल क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवावा.