मध्यंतर कुठे घ्यायचं? जुने हेरपट दोघांनी पुन्हा पाहण्यामागची पार्श्वभूमी

जुना हेरपट दोघांनी मिळून पुन्हा पाहताना एकाचा हात रिमोटवर असतो आणि दुसरा म्हणत असतो, ‘आत्ता नको थांबवू.’ चित्रपट कधी थांबणार आणि बघणाऱ्यांना बोलायला कधी मिळणार, हे आधी रिळाने ठरवलं, मग कॅसेटने, मग तबकडीने. आता ते दोघांनी ठरवायचं असतं आणि तिथेच खरी अडचण येते.

ही गोष्ट नाशिकमधून पाहू. नाशिकला चित्रपट काही नवा नव्हता. १९१३च्या पहिल्या भारतीय कथापटानंतर त्याच्या कर्त्याने आपलं काम मुंबईहून इथे आणलं. मूकपटाच्या काळात पडद्यावरची पाटी कोणीतरी मोठ्याने वाचायचं आणि बाकीचे ऐकायचे, म्हणजे बोलत बोलत पाहणं ही मुळात थिएटरचीच रीत. बोलपट आला आणि प्रेक्षकाला गप्प बसावं लागलं. उरलं ते मध्यंतर.

ते कसं ठरत असे, हे कळायला रीळ कळलं पाहिजे. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने मिनिटाला ९० फूट सरकते. २,००० फुटांचं रीळ काठोकाठ भरलं तर २२ मिनिटांत संपतं. पण रीळ प्रसंग संपेल तिथे तोडावं लागतं, म्हणून साधारण १८ ते २० मिनिटं धरायची. ११० मिनिटांचा हेरपट म्हणजे ९,९०० फूट, साधारण सहा रिळं. दोन प्रोजेक्टर आळीपाळीने चालत. रीळ संपायच्या सुमारे आठ सेकंद आधी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका येई. तो दिसला की ऑपरेटर दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करी. दुसरा ठिपका अगदी शेवटच्या सेकंदाला, आणि त्यावर चित्र एका मशीनवरून दुसऱ्यावर जाई. मध्यंतर द्यायचं तर दुसरं मशीन सुरूच करायचं नाही, दिवे लावायचे. म्हणजे जागा आपोआप ठरली, तिसऱ्या रिळाचा शेवट.

परदेशी हेरपटांच्या बाबतीत वाद होता तो इथेच. ते चित्रपट मधे न थांबता पाहायचे म्हणून बनवलेले. पटकथेत मध्यावर श्वास घ्यायला जागा ठेवलेली नाही. भारतात मात्र मध्यंतर नसलेला चित्रपट ही कल्पनाच थिएटरवाल्यांना मान्य नव्हती, कारण कँटीनची कमाई त्यावर होती आणि प्रेक्षकालाही पाय मोकळे करायची सवय होती. चित्रपटाचे जाणकार चिडायचे. संशय वाढत वाढत एका टोकाला आणलेला असतो, माणूस दाराच्या मुठीवर हात ठेवतो, आणि दिवे लागतात. रीळ प्रसंगाच्या शेवटी तुटलेलं असतं हे खरं, पण प्रसंग संपणं वेगळं आणि ताण सुटणं वेगळं. हेरपटात प्रसंग संपतो तो बहुतेक वेळा ताण वाढवूनच.

दुसरी बाजूही तितकीच जोरकस आहे. त्या दहा मिनिटांत शेजारी बसलेल्या माणसाला विचारता यायचं की हा करड्या कोटातला कोणाचा माणूस, मगाशी पाकीट कोणी बदललं, ती बाई खरं बोलतेय का. इंग्रजी संवाद पुरते न कळणाऱ्या प्रेक्षकासाठी चित्रपटाचा अर्धा उलगडा तिथेच होई. कथानक गुंतागुंतीचं असलं की मध्यंतर नुकसान करत नाही, उलट हात देतं. बायको-नवऱ्याने चित्रपटाबद्दल बोलायची हक्काची जागा तीच होती, आणि आज घरी जे चालतं त्याचं मूळ जाणकारांच्या नियमांत सापडत नाही, ते या दहा मिनिटांत सापडतं. डिजिटल प्रक्षेपण आल्यावर रिळाची अट गेली. मध्यंतर राहिलं. आता ते संगणकावरच्या प्रक्षेपणाच्या यादीत आधीच भरून ठेवलेलं असतं, ऑपरेटरच्या हातात नसतं, आणि प्रसंग संपण्याची वाटही प्रत्येक वेळी पाहत नाही.

हिंदी हेरपटांना ही अडचण कधीच नव्हती. १९६७चा ‘फर्ज’ (मूळ १९६६चा तेलुगू चित्रपट), १९६८चा ‘आँखें’, १९७७चा ‘एजंट विनोद’, १९७९चा ‘सुरक्षा’ हे मध्यंतर गृहीत धरूनच लिहिलेले. मध्यंतराआधी कलाटणी, नंतर गाणं, म्हणजे उशिरा परतणाऱ्याचं काही बिघडत नाही. पुन्हा पाहताना गाण्याची पाच मिनिटं हीच बोलायची वेळ. त्यासाठी थांबवायची गरज नाही, आवाज दोन टप्पे कमी केला की पुरतं.

नाशिक जिल्ह्याचं शीतयुद्धाशी नातं थोडं वेगळंच होतं. १९६४ साली ओझरला सोव्हिएत सहकार्याने मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. पश्चिमी पडद्यावर ज्या देशाचे लोक खलनायक, त्याच देशाच्या तंत्रज्ञानावर इथल्या हजारो घरांची चूल पेटत होती. नाशिकरोडला ‘प्रेस’ आहे, जिथे नोटा छापतात, तिकिटं छापतात, पासपोर्टच्या पुस्तिका छापतात. पडद्यावरचा हेर खिशातून चार देशांचे पासपोर्ट काढतो तेव्हा ते किती नवेकोरे आहेत, शिक्क्याची शाई कशी एकसारखी आहे, हे इथल्या प्रेक्षकाला आधी दिसतं. पुन्हा पाहताना असे प्रसंग धरून ठेवण्यासारखे असतात.

व्हीसीआर आला आणि थांबवण्याचं बटण घरात आलं. १९८२च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत टीव्ही पसरला आणि पाठोपाठ व्हिडिओ लायब्ऱ्या. टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणायचा, तीन कॅसेट लावायच्या, सकाळी परत करायचा, ही पद्धत अनेक घरांना आठवत असेल. त्या यंत्राने बोलण्यालाही मर्यादा घातली होती. व्हीएचएसवर चित्र थांबवलं की फिल्म जागच्या जागी उभी राहते आणि फिरतं हेड (चित्र वाचणारा भाग) त्याच जागेवर घासत राहतं. हेड आणि फिल्म दोन्ही झिजू नयेत म्हणून बहुतेक यंत्रं साधारण पाच मिनिटांनी आपणहून थांबवणं सोडून देत. म्हणजे चर्चेला पाच मिनिटं. शिवाय थांबलेल्या चित्रावर पांढऱ्या रेघांचा पट्टा येई आणि नेमकं जे दाखवायचं होतं, तेच त्या पट्ट्याखाली सापडे. त्यावर उपाय एकच, दोनचार फ्रेम पुढे सरकवून पुन्हा थांबवणं.

कॅसेटवरचा दुसरा तोटा अजून मोठा. १९६५च्या ‘थंडरबॉल’पासून जेम्स बाँडच्या ब्रिटिश हेरमालिकेतले बरेच चित्रपट २.३५ः१ अशा रुंद पडद्यासाठी काढले गेले. टीव्हीचा पडदा १.३३ः१. दोन्ही बाजू कापून ते चौकोनात बसवलं की चित्राचा सुमारे ४३ टक्के भाग जातो. हेरपटात कडेला उभा असलेला माणूस हाच धोका असतो, आणि कॅसेटवर तो माणूसच नसायचा. जुनं माणूस ‘यात मागे कोणी उभं नव्हतं’ म्हणतं आणि नवं ‘आहे की’ म्हणतं, तेव्हा दोघंही खरं बोलत असतात. दोघांनी दोन वेगळी चित्रं पाहिलेली आहेत. जुन्या कॅसेट कपाटात असतील तर लावण्याआधी फिल्मच्या कडा उजेडात बघाव्या. पावसाळ्याच्या ओलीने बुरशी धरते, पांढरे ठिपके दिसतात. अशी कॅसेट चालवली की बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते.

मग व्हीसीडी आली आणि मध्यंतर परत आलं. एका तबकडीत ७४ ते ८० मिनिटं मावत, त्यामुळे ११० मिनिटांचा चित्रपट दोन तबकड्यांत. पहिली संपली की उठून दुसरी घालायची, तेवढ्यात चहा, तेवढ्यात गप्पा. तबकडी कुठे तोडायची हे ठरवणाऱ्याने बहुधा फक्त मिनिटं मोजली होती. कधी वाक्य अर्धं राहायचं. नाशिककरांना २००५नंतरच्या काही वर्षांत भारनियमनानेही मध्यंतरं दिली. वीज गेली की साध्या प्लेअरला जागा आठवत नसे. म्हणून सुरुवातीपासून समोर कागद ठेवून दर पंधरा मिनिटांनी पडद्यावरचा वेळ लिहून ठेवायचा, वीज आल्यावर त्या आकड्यावर जायचं. ही सवय आजही उपयोगी आहे. ‘तो हॉटेलातला प्रसंग’ म्हणून पाच मिनिटं मागेपुढे करण्यापेक्षा आकडा बरा.

डीव्हीडीबरोबर रुंद चित्र पूर्ण मिळालं, उपशीर्षकं आली आणि चित्रपटावर बोलणारा वेगळा ध्वनिमार्ग आला. हा प्रकार १९८४ साली लेझरडिस्कवर सुरू झाला होता. चित्रपट पाहणाऱ्याची प्रतिक्रिया हीसुद्धा ऐकायची गोष्ट आहे, हे तिथून रुजलं. पुढे प्रतिक्रियांचे व्हिडिओ इतके झाले की २०१६ साली एका परदेशी जोडगोळीने ‘रीअॅक्ट’ या शब्दावरच व्यापारी हक्क मागितला आणि गदारोळ झाल्यावर मागे घेतला. घरातल्या दोन माणसांच्या बोलण्याशी त्याचा संबंध कमी. तिथे प्रतिक्रिया कॅमेऱ्यासाठी असते, इथे शेजाऱ्यासाठी.

दोघं दोन गावी असतील, एक नाशिकला आणि एक पुण्याला किंवा परदेशी, तर एक तांत्रिक गोष्ट घात करते. पाल (भारत-युरोपातली टीव्हीची पद्धत) पद्धतीच्या डीव्हीडीवर २४ फ्रेमचा चित्रपट सेकंदाला २५ने पळवलेला असतो, म्हणून ११० मिनिटं साडेएकशेपाचच्या आसपास येतात. ब्लू-रे आणि बहुतेक स्ट्रीमिंगवर मूळ वेग असतो. एकाकडे हे आणि दुसऱ्याकडे ते असेल, तर एकत्र सुरू करूनही २५ मिनिटांत एक मिनिटाचा फरक पडतो, आणि फोनवर एकाची दचकल्याची हाक दुसऱ्याला गोळी सुटण्याआधी ऐकू येते. पाहण्याआधी दोघांनी एकूण लांबी ताडून घ्यावी. चार-पाच मिनिटांचा फरक दिसला तर कारण बहुधा हेच. पालच्या प्रतीत संगीताची पट्टीही किंचित चढलेली असते, ओळखीची धून थोडी घाईत वाटते.

पुन्हा पाहताना अनेकदा एकाने पाहिलेला असतो, दुसऱ्याने नाही. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर स्फोटाचा धक्का पंधरा सेकंदांचा, माहीत असेल तर पंधरा मिनिटांची घालमेल, असं एका ब्रिटिश दिग्दर्शकाने १९६०च्या दशकात सांगून ठेवलं आहे. एका सोफ्यावर दोन्ही प्रेक्षक बसलेले असतात. माहीत असलेल्याने पडद्याइतकंच शेजाऱ्याकडे लक्ष द्यावं आणि प्रश्न आला तरच उत्तर द्यावं. उत्तरही मागे घडून गेलेल्याचंच, पुढचं नाही.

शब्दांचा एक घोळ इथे आडवा येतो. मराठीत ‘गुप्तहेर’ खुनाचा छडा लावणाऱ्यालाही म्हणतात आणि दुसऱ्या देशात जाऊन गुपितं आणणाऱ्यालाही. त्यामुळे नवा प्रेक्षक ‘खुनी कोण’ शोधत बसतो, आणि हेरपट विचारत असतो ‘हा कोणाच्या बाजूचा’. हेर, हस्तक, फितूर हे तीन शब्द वेगळे वापरले की निम्मे प्रश्न मिटतात.

थांबवायचं कुठे, तर गाव बदलेल तिथे. हेरपट शहराशहरांतून फिरतो. विमान उतरलं, आगगाडी फलाटावर आली, नव्या शहराचं नाव आलं, की तिथे मूळ पटकथेतच सांधा असतो. १९६४च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये मध्याजवळ नायक लेझरखाली बांधलेला आहे. (लेझर तेव्हा चार वर्षांचं होतं. आधीच्या कादंबरीत तिथे लाकूड कापायची करवत होती.) तिथे थांबवू नये, पुढे विमानात जाग येईपर्यंत जाऊ द्यावं. माहिती सांगण्यासाठी थांबवायचं तर ती नसल्याने प्रसंगच हुकतो तिथेच. १९६२च्या ‘डॉक्टर नो’मध्ये खलनायकाच्या घरात एक तैलचित्र दिसतं आणि नायक त्याकडे दोनदा बघतो. ते चित्र १९६१ साली लंडनच्या संग्रहालयातून खरोखर चोरीला गेलं होतं. तेव्हाचं थिएटर हसलं असेल, आज दहा सेकंद थांबवून सांगितल्याशिवाय तो विनोद पोचत नाही. बर्लिनची भिंत १९६१ ते १९८९ होती, हे मात्र सुरू करण्याआधीच सांगून टाकावं.

खाण्याचं म्हणाल तर चिवडा थांबवल्यावरच. कुजबुजलेला सांकेतिक शब्द एका घासाच्या आवाजात जातो.

टीव्हीवरची चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, नाहीतर साठ वर्षांपूर्वीचा पाठलाग काल काढल्यासारखा दिसतो. स्ट्रीमिंगवर पुढचं आपोआप लागण्याची सोयही बंद करावी, कारण पहिली खरी प्रतिक्रिया नामावली सरकत असताना येते आणि तेव्हाच चित्र कोपऱ्यात लहान होतं. त्यात शेवटची पाटीही जाते. १९७७च्या ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’च्या शेवटी पुढच्या चित्रपटाचं नाव ‘फॉर युअर आइज ओन्ली’ असं जाहीर केलं आहे. दोन वर्षांनी आला तो ‘मूनरेकर’, कारण मधल्या काळात अंतराळपटांची लाट आली होती.